अकरावी खाच

चासीत, म्हणजे सर्व्हर बसवायच्या पत्र्याच्या सांगाड्यात, सोळा खाचा होत्या. चौदा खाचांत सर्व्हर होते, जाड शब्दकोशाएवढे, कपाटात पुस्तकं लावावीत तसे उभे सरकवलेले. सोळाव्या खाचेवर कंपनीचं पत्र्याचं झाकण होतं. अकराव्या खाचेवर पुठ्ठा होता. बिस्किटांच्या खोक्याचा, कात्रीने सरळ कापलेला, चारही कडांना निळी चिकटपट्टी. हिरवे दिवे चौदा, पंखे सहा. शेजारच्या खोलीतल्या चाचणीच्या छोट्या चासीत आठ खाचा आणि तीन सर्व्हर. म्हणजे सर्व्हर एकूण सतरा. साठा नोंदवहीतही सतरा.

मी बरोबरची खूण केली.

“झाली का शिरगणती, केतकीबाई?” खोतकाकांनी दारातून विचारलं.

“झाली. फक्त चौथ्या पंख्याचा आवाज वेगळा येतोय, काका.”

“त्याला बारमाही सर्दी आहे. फॉर्मात सर्दीचा रकाना आहे का?”

“नाही.”

“मग सोडा की.”

फेब्रुवारीचा शेवटचा पंधरवडा होता. मार्चअखेरीच्या आत विद्यापीठात साठा पडताळणी करावी लागते, खुर्च्यांपासून सर्व्हरपर्यंत सगळं मोजून. संगणन केंद्रात ती माझ्याकडे आली होती, कारण मी सगळ्यांत नवी होते. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून जुलैत लागले होते, तांत्रिक सहायक म्हणून, एका वर्षाच्या परिवीक्षेवर. मला मोजायला आवडायचं. अजूनही आवडतं.

शामराव खोत हे केंद्राचे जुने तंत्रज्ञ. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण त्यांच्यावाचून यंत्रं चालत नाहीत म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये त्यांना आणखी एका वर्षाची मुदतवाढ मिळे. ठेंगणे, कानावर पांढरे केस, आणि खिशात कायम दोन वस्तू: निळं पेन आणि शिसपेन्सिल.

त्या दिवशी दाराजवळच्या स्टुलावर मुजावरमॅडम बसल्या होत्या. यंत्रखोलीत एकोणीस अंश तापमान ठेवलेलं असे, म्हणून त्यांनी शाल पांघरली होती. मांडीवर स्टीलचा तीन पुडांचा डबा.

“काका, आज आठशे दहा,” त्या म्हणाल्या.

“आं? काल तर आठशे एकवीस होतं.”

“दिवसाला अकरा उतरतंय ना. रोज सांगते तुम्हाला.”

“रोज सांगता म्हणून तर रोज विचारतो.”

रुक्साना मुजावर विट्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. वय अडतीस. पीएच.डी.साठी अभ्यासरजा घेऊन दोन वर्षं आमच्या गावात खोली करून राहिल्या होत्या. रजा एकतीस मार्चला संपत होती आणि नोंदणीची मुदतही त्याच दिवशी. मुदत दोनदा वाढवून झाली होती; तिसऱ्यांदा वाढत नाही, असं पत्रच त्यांना आलं होतं.

त्यांचं काम होतं तांबं आणि झिर्कोनियम यांच्या एका मिश्रणावर. हे मिश्रण वितळवून भरभर थंड केलं तर धातूसारखं गोठत नाही, काचेसारखं गोठतं. नक्की किती तापमानाला, ते थंड करण्याच्या वेगावर ठरतं. वेग कमी करावा तसा आकडा खाली येतो. मॅडमनी संगणकात हे मिश्रण तीन वेगांनी थंड करून पाहिलं होतं. पहिल्या वेगाला सातशे बासष्ट केल्विन, दहापट सावकाश केल्यावर सातशे एक्केचाळीस, आणखी दहापट सावकाश केल्यावर सातशे एकोणीस. चौथी, सगळ्यांत संथ फेरी तेव्हा चालू होती. दीड हजार केल्विनपासून साडेपाचशेपर्यंत उतरायला तिला चौऱ्याऐंशी दिवस लागणार होते. चौदा सर्व्हर फक्त तेवढंच करत होते. एकवीस डिसेंबरला सुरू झालेली ही फेरी चौदा मार्चला संपणार होती. मग सतरा दिवस प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला.

त्यांच्या मार्गदर्शकांचं म्हणणं होतं की आकडा सातशे पाचच्या खाली जाणार नाही, तिथे तो सपाट होत जातो. मॅडम म्हणत, जाणार, सातशेच्याही खाली जाणार.

“आपली पैज लक्षात आहे ना?” त्या काकांना म्हणाल्या. “सातशेच्या खाली गेलं तर तुमचे पेढे.”

“आणि वर राहिलं तर तुमचा शिरखुर्मा. ईदपर्यंत थांबायचं नाही हं, तेव्हाच्या तेव्हा.”

“तुम्ही काय बघून वर म्हणता पण?”

“तुम्ही खाली म्हणता म्हणून. दोघांनी एकच म्हटलं तर पैज कशी लागणार?”

त्यांनी डबा उघडला. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, वरच्या पुडात चटणी. काका दुपारी घरचा डबा आणत नसत. काकू गेल्यापासून कँटीनमध्ये जेवत. हे कळल्यावर मॅडम भाकऱ्या वाढवून आणू लागल्या. मला म्हणाल्या, “केतकी, तूही ये. मोजणं झालं असेल तर.”

मी गेले. अकराव्या खाचेवर पुठ्ठा का, हे विचारायचं तेव्हा राहून गेलं. बेरीज जुळली होती.

आता पत्त्यांबद्दल सांगायला हवं.

नेटवर्कवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला बारा अक्षरांचा एक पत्ता असतो. साध्या संगणकात तो कारखान्यातच कार्डावर कोरलेला येतो. आमच्या चासीत रीत वेगळी होती. तिथे पत्ता सर्व्हरचा नसे, खाचेचा असे. खाचेला कोणता पत्ता द्यायचा ते आम्ही ठरवायचं. त्या खाचेत जो सर्व्हर बसेल तो त्या पत्त्याने बोलेल. सर्व्हर बिघडला की काढायचा, दुसरा बसवायचा; बाकीच्या यंत्रांना कळतही नाही की पलीकडचं कुणी बदललं आहे.

हे पत्ते आमचे आम्हीच वाटायचे असल्याने एक पथ्य होतं: एकच पत्ता दोघांना जाता कामा नये. आमच्या आणि इतर विभागांच्या चासींसाठी मिळून केंद्राकडे चौसष्ट पत्त्यांचा गठ्ठा होता आणि त्याची नोंद खोतकाकांच्या एका लांबट वहीत होती. एका ओळीत एक पत्ता, समोर खाच, समोर तारीख. खोडायचं असेल तेव्हा काका पट्टी धरून एकच आडवी रेघ मारत.

फेब्रुवारीच्या शेवटी नवी चासी आली. सोळा खाचा, सोळा सर्व्हर, सगळे एकदम. दोन मार्चला, शुक्रवारी, कुलगुरू येऊन कळ दाबणार होते. संचालक डॉ. गुळवणी बुधवारी दोनदा खाली येऊन गेले.

“खोत, शुक्रवारी दिवे लागले पाहिजेत बरं का. सोळाच्या सोळा.”

“लागतील साहेब. उद्या नातीचं बारसं आहे निपाणीला. परवा सकाळी सातला येतो आणि पत्ते देतो. तासाभराचं काम.”

“परवा सकाळी म्हणजे अगदी ऐन वेळी.”

“साहेब, तासाभराचंच काम आहे.”

निघताना काका मला म्हणाले, “चासी पुसून ठेवा फक्त. पत्ते मी आल्यावर बघू. दोघं मिळून करू.”

गुरुवारी दुपारी मी चासी पुसली. सव्वादोनलाच पुसून झाली. मग काय करावं म्हणून मी काकांची वही घेतली आणि संगणकावरच्या तक्त्यात उतरवू लागले. कागदावर एवढी महत्त्वाची नोंद ठेवणं मला आधीपासूनच खटकत होतं. चौसष्ट ओळी. वापरात अठ्ठेचाळीस. कधीच न दिलेले सात. रेघ मारून खोडलेले, म्हणजे मोकळे झालेले, नऊ.

सात आणि नऊ, सोळा.

नव्या चासीला सोळाच हवे होते.

मला फार आनंद झाला, हे मला आठवतं. काकांनी उद्या सकाळी यावं आणि सगळे दिवे लागलेले बघावेत, असं वाटलं. फोन करायचं मनात आलं होतं. पण निपाणीत पाळण्याची गाणी चालू असतील, आणि विचारायचं तरी काय? आकडे जुळत होते. तीन वाजून दहा मिनिटांनी मी सोळा खाचांना सोळा पत्ते दिले आणि चासी सुरू केली. सोळा हिरवे दिवे लागले.

साडेचारला मुजावरमॅडम आल्या. रोजच्यासारखं स्टूल ओढून त्यांनी पडद्यावर आपली फेरी उघडली.

“केतकी, हे हलत नाहीये.”

“म्हणजे?”

“शेवटची ओळ तीन अकराची आहे. दर दोन मिनिटांना एक ओळ येते.”

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. शेवटच्या ओळीत तापमान सहाशे सत्त्याण्णव पूर्णांक दोन होतं. पुढे कर्सर लुकलुकत होता.

“कुठेतरी अडकलं असेल,” मी म्हणाले. “शेवटच्या साठवणीपासून पुन्हा चालू करता येईल ना?”

“येईल. दर सहा तासांनी साठवते ती.” त्यांनी त्या फाइलीचं नाव टाइप केलं. मग पुन्हा टाइप केलं. “ही एवढीशीच का आहे?”

फाइल साठायची ती एका वेगळ्या सर्व्हरवर. जागा कमी, म्हणून एकच प्रत: जुनी पुसायची आणि तिच्याच जागी नवी लिहायची. लिहायला चारएक मिनिटं लागत. आदली साठवण सकाळी नऊ नऊची. त्यानंतरची सुरू झाली तीन वाजून नऊ मिनिटांनी.

“ती फाइल कोणत्या सर्व्हरवर असते, मॅडम?”

“अकरावर.”

“अकराव्या खाचेत सर्व्हरच नाहीये. पुठ्ठा आहे.”

“हो, जानेवारीत त्या खाचेची मागची पिन वाकली ना. सुटा भाग यायचा आहे, म्हणून काकांनी अकरा नंबर काढून पलीकडच्या छोट्या चासीत बसवलाय. जुनाच पत्ता देऊन. माझी फेरी थांबू नये म्हणून किती जपून केलं त्यांनी, दोन मिनिटांत. तुला माहीत नव्हतं?”

मी वही उघडली. खोडलेल्या नऊ ओळी पुन्हा पाहिल्या, या वेळी खिडकीपाशी नेऊन. आठ रेघा निळ्या पेनाच्या होत्या. एक रेघ पेन्सिलीची होती. अकराव्या खाचेची. तक्त्यात उतरवताना दोन्ही रेघांचं मी एकच केलं होतं: मोकळा.

मग मी यंत्रखोलीत गेले आणि अकराव्या खाचेवरचा पुठ्ठा काढला. आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, काकांच्या पट्टीसारख्या अक्षरात: ‘क्र. ११ परत येणार आहे. पत्ता कुणाला देऊ नये. शा. खोत.’

छोट्या चासीतला अकरा नंबर आणि नव्या चासीतला एक सर्व्हर तीन दहापासून एकाच पत्त्याने बोलत होते. नेटवर्कची वाटणी करणारा स्विच ज्याचा आवाज शेवटी ऐकेल त्याच्याकडे माहितीची पाकिटं पाठवी. जुनी फाइल पुसून झाली होती, नवीचा पाव भाग लिहून झाला होता, आणि उरलेली पाकिटं अशा एका सर्व्हरकडे गेली ज्याला ती कसली आहेत हे ठाऊकच नव्हतं. त्याने ती टाकून दिली. चौदा सर्व्हर उत्तराची वाट बघत थांबले. एकाहत्तर दिवस चालून.

मी नवी चासी बंद केली. दोनदा, तीनदा फाइल उघडून पाहिली.

“केतकी, काय झालं ते मला सांगशील का?” मॅडम दारात उभ्या होत्या.

“उद्या काका आले की बघू,” मी म्हणाले.

शुक्रवारी कुलगुरू आले, कळ दाबली, पंधरा दिवे लागले. कुणी मोजले नाहीत. साडेअकराला संचालकांनी आम्हाला वर बोलावलं. मी, खोतकाका, मुजावरमॅडम. काका सकाळी सातलाच आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. हातात बारशाचा डबा होता, घुगऱ्यांचा. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि पावणेआठ ते साडेदहा फाइल वाचवायचा प्रयत्न केला. वाचली नाही.

डॉ. गुळवणींनी चष्मा काढला. “नवीन चासीला पत्ते कुणी दिले?”

माझं तोंड उघडलं होतं. ‘मी’ म्हणायला किती वेळ लागतो, ते मी नंतर अनेकदा मोजलं आहे.

“मीच, साहेब,” खोतकाका म्हणाले. “बुधवारी जाताना यादी करून ठेवली होती. यांनी नुसती भरली.”

“तुम्ही? तुम्ही तर परवा देतो म्हणाला होतात.”

“यादी आधीच केली होती.”

मुजावरमॅडम त्यांच्याकडे वळल्या. “काका, अकरा नंबर तुम्हीच हलवला होता.”

“हो.”

“माझ्यासमोर हलवलात. त्याचा पत्ता कुणाला द्यायचा नाही, असं मला समजावून सांगितलंत.”

“हो मॅडम.”

“मग?”

“विसरलो.”

“विसरलात?”

“वय झालं आता. राहून गेलं डोक्यातून.”

मॅडमना ओरडायचं असावं, पण त्या ओरडल्या नाहीत. मला वाटतं, काका चुकले असते तर त्यांनी माफ केलं असतं. काका विसरले, हे त्यांना सोसलं नाही. रोज दुपारी जे त्यांना तापमान विचारत होते, ते विसरले.

संचालक वहीची पानं उलटत होते. “ही काय पद्धत आहे, खोत? पेन्सिल, पेन. कुणाला कळणार हे? मी किती वर्षं सांगतोय, संगणकावर घ्या.”

“बरोबर आहे साहेब.”

जिन्यात मी काकांना गाठलं.

“काका, मी वर जाते. आत्ता सांगते.”

“गप खाली चला.”

“पण तुम्ही खोटं का सांगितलंत?”

“तुमची परिवीक्षा किती राहिली?”

“चार महिने.”

“आणि गुळवण्यांना एक माणूस काढायचाच आहे, खर्च कमी दाखवायला. मी काय, जाणारच होतो. या वर्षी नाहीतर पुढच्या.”

“पण मॅडमना काय वाटेल?”

ते एका पायरीवर थांबले. कठड्याला धरून. “त्यांचा राग उतरू दे. पंधरा-वीस दिवसांत उतरेल. मग मीच सांगेन त्यांना खरं काय ते. हसतील, बघा. पेन्सिलीची रेघ दिसली नाही म्हणून.” मग म्हणाले, “तोवर तुम्ही काही बोलायचं नाही. आत्ता बोललात तर दोघं खोटे पडू.”

मी होय म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं.

मॅडमनी मुदतवाढीचा अर्ज केला. पाच दिवसांत नकार आला. मार्गदर्शकांनी सुचवलं की तीन फेऱ्यांवरून प्रबंध लिहा, चौथ्या ठिकाणी सातशे पाच असा अंदाज द्या, कुणी विचारणार नाही. त्या यंत्रखोलीच्या बाहेर कुणाशी तरी फोनवर बोलताना मी ऐकलं: “जो आकडा मला खरा वाटत नाही तो लिहून डॉक्टर व्हायचं का? मग मुलांना काय शिकवू मी उद्या?”

त्यांनी प्रबंध दिला नाही.

दुपारी आता त्या येत नसत. काका कँटीनमध्ये जाऊ लागले. मुदतवाढीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, हे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं. केंद्रात कुणी काही शोधू लागलं, किल्ली, पावती, काहीही, की म्हणायचं, “खोतांना विचारू नका, विसरले असतील.” ते समोर असतानाही. काका हसायचे. वीस दिवस झाले, पंचवीस झाले. मी रोज वाट बघत होते की ते मॅडमना सांगतील. ते बहुधा वाट बघत होते की त्या येतील.

त्या आल्या एकतीस मार्चला, शनिवारी. ना हरकत दाखल्यावर केंद्राची सही हवी होती, आणि सहीचा अधिकार अजून त्या दिवसापुरता काकांकडे होता. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या.

काकांनी सही केली. निळ्या पेनाने.

“मॅडम, थोडं बोलायचं होतं.”

“माझी एस.टी. आहे सव्वाबाराची.”

“दोनच मिनिटं.”

“काका, आता काय बोलायचं राहिलंय?” त्यांचा आवाज वर गेला नाही. “चुकलात असं म्हणाला असतात ना, तर मी तुमच्याबरोबर भाकरी खाल्ली असती. विसरलो म्हणालात.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तक्ता छापत होते. मग त्यांनी खालचा खण उघडला आणि स्टीलचा तीन पुडांचा डबा काढला. एक मार्चच्या आदल्या दिवसापासून तो त्यांच्याकडेच राहिला होता. घासून चकचकीत केलेला.

“तुमचा डबा.”

मॅडमनी तो घेतला, पिशवीत टाकला आणि गेल्या. त्या चालताना आत काहीतरी हललेलं ऐकू आलं.

दुपारी काकांनी मला वही दिली. पेन्सिल आणि पेनही. “पेनाची रेघ म्हणजे गेला,” ते म्हणाले. “पेन्सिलीची म्हणजे येणार आहे. हे पहिल्या पानावर लिहायला पाहिजे होतं मी. माझ्या डोक्यात होतं, म्हणून लिहिलं नाही. तेवढी चूक माझी खरी आहे, केतकीबाई.”

जुलैत मी कायम झाले.

याला बारा वर्षं झाली. आता केंद्र माझ्याकडे आहे. ती चासी भंगारात गेली, तिच्यानंतरचीही गेली. गेल्या ऑक्टोबरमध्ये कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी काकांचा फोटो टाकला, खाली तारीख आणि हात जोडल्याची चित्रं. मीही हात जोडले. त्या आठवड्यात मी केंद्राच्या साठवणीच्या जुन्या टेप शोधल्या. एकविसाव्या टेपवर मॅडमच्या चौथ्या फेरीची सुरुवातीची फाइल सापडली. तेच अणू, तोच वेग, तेच दीड हजार केल्विन. नव्या यंत्रावर ती लावायला मला हिवाळा उलटून मार्च उजाडला. चौऱ्याऐंशी दिवसांचं काम चार दिवस सहा तासांत झालं.

विट्याच्या कॉलेजच्या संकेतस्थळावर नंबर होता. ‘प्रा. रुक्साना मुजावर, उपप्राचार्य.’ नावाआधी प्राध्यापकच होतं.

“कोण केतकी?” त्या म्हणाल्या. मग, “अगं हो. संगणन केंद्र. बोल.”

“मॅडम, त्या दिवशी पत्ते काकांनी दिले नव्हते. मी दिले होते. काका निपाणीला होते. त्यांनी पेन्सिलीने नोंद ठेवली होती, मला ती दिसली नाही.”

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता, मधली सुट्टी असावी. त्यांनी कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगितलं.

“आणि ते विसरलो म्हणाले.”

“माझी परिवीक्षा चालू होती. तुम्हाला नंतर सांगणार होते. शेवटच्या दिवशी सांगणार होते ते.”

“तू तिथेच होतीस ना. त्या दिवशी. टेबलाच्या टोकाला.”

“हो.”

गलका थांबला होता. घंटा झाली असावी.

“डब्यात पेढे होते,” त्या म्हणाल्या. “तिन्ही पुडांत. मला वाटलं, चिडवतायत की काय. स्टँडवर गाईला घातले मी.” थांबून त्यांनी विचारलं, “काका कुठे असतात आता? घर तेच आहे का? मी रविवारी येऊ शकते.”

“काका गेले, मॅडम. ऑक्टोबरमध्ये.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी फोन कानाला धरून ठेवला.

“मग आज का फोन केलास?”

“चौथी फेरी पूर्ण केली. काल रात्री साडेपाचशेपर्यंत उतरली. तुमचीच फाइल, काहीही न बदलता.”

मग त्यांनी विचारलं, वर्गात विचारावं तसं, “आकडा किती आला?”

“सहाशे एक्याण्णव केल्विन,” मी म्हणाले. “अधिक-उणे तीन.”